सायकल झालेला मरीन टँक मासे टाकायच्या आधीच बिघडतोय? या क्रमाने तपासा

टँकची सायकल पूर्ण झाली (म्हणजे अमोनियाचं नायट्राईट आणि नायट्राईटचं नायट्रेट करणारे बॅक्टेरिया टँकमध्ये तयार झाले), अमोनिया शून्य, नायट्राईट शून्य, सगळं छान. मग कुठे गावाला जायचं निघालं, कुठे हवे ते मासे दुकानात आलेच नाहीत, आणि टँक दोन-चार आठवडे तसाच रिकामा चालू राहिला. याच मधल्या काळात "दादा, सायकल क्रॅश झाली वाटतं" असे मेसेज मला सगळ्यात जास्त येतात. आजवर असे जेवढे टँक बघितलेत त्यातल्या बहुतेकांत बॅक्टेरिया जिवंत आणि धडधाकट होते, गडबड दुसरीकडेच होती. आणि तोवर लोकांनी घाबरून बॅक्टेरियाच्या दोन-दोन बाटल्या ओतून पाणी दुधासारखं करून ठेवलेलं असतं. म्हणून आधी हे वाचा आणि तपासणी होईपर्यंत टँकमध्ये काहीही ओतू नका.

लक्षणं

खालीलपैकी एक किंवा दोन-तीन एकदम दिसतात:

- अमोनिया शून्य होता, आता किटवर ०.२५ सारखा हलका हिरवा दिसतोय, कधी असतो कधी नसतो
- खारेपणा (गोड्या पाण्याच्या तुलनेत घनता) १.०२५-१.०२६ वर सेट केला होता, आठवड्याभरात १.०२८ च्या वर गेला
- वाळूवर, दगडांवर, काचेवर तपकिरी धुळीसारखा थर, बोटाने पुसला की निघतो आणि दोन दिवसांत परत येतो
- पीएच ८.१ वरून ७.७-७.८ वर
- पाणी पांढुरकं, किंवा झाकण उघडल्यावर कुबट वास
- दुपारी थर्मामीटर ३०-३१ दाखवतोय

यातलं तपकिरी थराचं आधीच सांगून टाकतो. हे बहुतेक वेळा डायटम असतात. नवीन वाळू आणि पाण्यातल्या सिलिकावर वाढतात आणि सिलिका संपली की काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. नुसते डायटम आहेत आणि बाकीची रीडिंग नीट आहेत, तर टँक बिघडलेला नाही. लाईट चार-पाच तासांवर आणा (रिकाम्या टँकला आठ-दहा तास लाईट लागतच नाही) आणि पाण्याचा मुद्दा खाली दिलाय तो वाचा.

१. किट आणि उजेड (खर्च शून्य)

सुरुवात इथूनच, कारण चुकीच्या आकड्यावर पुढचे सगळे निर्णय चुकतात. डोंबिवलीच्या एका ओळखीच्या मुलाकडे रोज रात्री अमोनिया ०.२५ यायचा. घरी गेलो तर तो टेस्ट ट्यूब हॉलच्या पिवळ्या एलईडीखाली, हातात अधांतरी धरून कार्डाशी जुळवत होता. तीच ट्यूब सकाळी खिडकीपाशी, कार्डाच्या पांढऱ्या पट्टीला टेकवून धरली, तर स्वच्छ पिवळी, म्हणजे शून्य. पिवळ्या आणि हलक्या हिरव्या रंगात फरकच इतका थोडा आहे की रात्रीच्या पिवळ्या दिव्यात तो कळणं अवघड. टेस्ट दिवसा करा, थेट उन्हात नको, खिडकीच्या उजेडात.

त्याच वेळी एक ब्लँक टेस्टही करा. चांगल्या आरओच्या पाण्यात (कुठलं ते मुद्दा ८ मध्ये) नवीन मरीन मीठ कालवून त्याची अमोनिया टेस्ट घ्यायची. तिथेही तोच हलका हिरवा आला तर किट तसंच दाखवतंय किंवा मिठातच किंचित अमोनिया आहे, दोन्हीत टँकचा दोष नाही. किटची एक्सपायरी बघा. नायट्रेट किटच्या ज्या बाटलीवर जोरात हलवायला सांगितलंय ती खरंच अर्धा मिनिट आपटून हलवा, कारण तळाशी बसलेली पावडर मिसळली नाही तर नायट्रेट खोटं कमी येतं. उलट पाण्यात नायट्राईट असेल तर नायट्रेट खोटं जास्त येतं, त्यामुळे नायट्राईट शून्य होईपर्यंत नायट्रेटच्या आकड्याकडे बघूच नका. आणि अँटीक्लोरीन (नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारणारं औषध) टाकलेलं असेल तर त्यातल्या काही ब्रँडनी बांधून ठेवलेला अमोनियासुद्धा साध्या किटवर दिसतो, म्हणून तो टाकल्यावर एक-दोन दिवस थांबून टेस्ट करा.

२. काचेवरची खूण आणि टॉप-अप (खर्च शून्य)

पाण्याच्या पातळीला काचेवर बाहेरून टेपचा तुकडा लावा. टँक नुसता असेल तर मेन टँकवर, संप (टँकखालचा फिल्टरचा छोटा टँक) असेल तर संपच्या रिटर्न पंपाच्या कप्प्यावर, कारण संपवाल्या टँकमध्ये पातळी तिथेच खाली जाते, वर काही कळत नाही.

बाष्पीभवनात फक्त पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. २०० लिटरच्या टँकमधून १० लिटर उडालं तर ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग मीठ) जवळजवळ ३७ पीपीटी होतं. एप्रिल-मेमध्ये पंखा लावलेल्या टँकमधून एवढं पाणी जायला आठवडाही लागत नाही. उडालेलं पाणी परत भरायचं (यालाच टॉप-अप म्हणतात) ते गोडं आरओचंच. "खाऱ्या पाण्याचा टँक आहे ना" म्हणून दर वेळी मिठाचंच पाणी ओतणारे खूप भेटतात, त्यांचा खारेपणा महिनाभर चढतच राहतो आणि कारण सापडत नाही.

खारेपणा पाणी उडाल्यामुळे चढला असेल तर खुणेपर्यंत गोडं पाणी भरा, विषय संपला. पातळी खुणेवर असूनही चढलेला असेल तर थोडं टँकचं पाणी काढून तेवढंच गोडं पाणी घाला, पण एका दिवसात नाही, दोन-तीन दिवसांत. मासे नसले तरी दगडांत जे जीव बसलेत त्यांना एकदम धक्का देऊन काय मिळवायचंय.

३. रिफ्रॅक्टोमीटर कॅलिब्रेट केलाय का

खारेपणा मोजायला काट्यावाला हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे टिचकी मारून काढा, ते काटा वर उचलतात आणि रीडिंग जास्त येतं. रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याचा थेंब टाकून डोळ्याला लावून बघायचं खारेपणाचं यंत्र) असेल तर तो कॅलिब्रेट करताना, म्हणजे आकडा जुळवून घेताना, नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्य करून समाधान मानू नका, कारण आपल्याला मोजायचंय ते ३५ च्या आसपास आणि शून्याला बरोबर असलेलं यंत्र तिथे चुकलेलं असू शकतं. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन लिक्विड मिळतं. नाही मिळालं तर घरी करता येतं: ३६.५ ग्रॅम साधं मीठ ९६३.५ ग्रॅम आरओच्या पाण्यात पूर्ण विरघळवायचं. त्या पाण्यावर रिफ्रॅक्टोमीटरने ३५ पीपीटी, म्हणजे १.०२६ च्या जवळ दाखवायला हवं. वजनकाटा मात्र दशांश ग्रॅम दाखवणारा हवा. (हे साधं मीठ फक्त कॅलिब्रेशनला. टँकमध्ये घरचं मीठ किंवा खडेमीठ घालायचं नाही, त्यात समुद्राच्या पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, अल्कलिनिटी त्या प्रमाणात नसते.)

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात मरीन सॉल्टची उघडी पिशवी ओल धरते आणि गोळे होतात. असं मीठ वजनावर मोजलं तर कमी पडतं कारण त्यात पाण्याचं वजन आलेलं असतं. तेव्हा मीठ वेगळ्या बादलीत पॉवरहेड (पाणी ढवळणारा छोटा पंप) लावून कालवा, मोजून मगच टँकमध्ये घाला.

४. नाकाने आणि डोळ्यांनी शोधा

अमोनिया खरंच वाढलेला असेल तर काहीतरी सडतंय. सायकलसाठी बाजारातली कोळंबी टाकली होती का? ती कुठे आहे आत्ता? बऱ्याचदा तिचा अर्धा तुकडा दगडाच्या मागे जाऊन बसलेला असतो. शंख, हर्मिट क्रॅब टाकले असतील तर ते मोजा, मेलेला शंख उचलून वास घेतला की लगेच कळतं. फिल्टर सॉक किंवा फ्लॉस (घाण अडवणारी पिशवी किंवा कापूस) तीन-चार दिवसांनी बदलायचा असतो, महिनाभर तोच असेल तर सगळी घाण त्यातच कुजतेय.

मग खोलीकडे बघा. अमोनियावाला ग्लास क्लीनर काचेवर मारला, घरात रंगकाम झालं, पेस्ट कंट्रोल झालं, टँकच्या बाजूलाच डास मारायचं लिक्विड मशीन रात्रभर चालू आहे, हे सगळं विचारतो मी. डासांच्या आणि झुरळांच्या औषधात बहुधा पायरेथ्रॉइड असतात आणि ती मासे, कोळंबी, खेकडे यांच्यासाठी विषारी आहेत. एअर पंप खोलीतलीच हवा ओढून पाण्यात सोडतो. रिकाम्या टँकमध्ये याचं काही दिसणार नाही, दिसेल ते मासे टाकल्यावर. मशीन दुसऱ्या खोलीत हलवा आणि पेस्ट कंट्रोल झालं असेल तर ताजा कार्बन (पाण्यातली नको ती द्रव्यं शोषणारा कोळसा) लावून, पाणी बदलून मगच पुढे जा.

५. बॅक्टेरिया उपाशी आहेत का (हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा)

टँकमध्ये मासे नाहीत म्हणजे अमोनिया तयार होत नाही, म्हणजे बॅक्टेरियाला खायला नाही. ते दोन दिवसांत मरत नाहीत, काही आठवडे काढतात, पण त्यांचा जोर कमी होतो. मग एकदम चार मासे टाकले की तो भार त्यांना झेपत नाही आणि अमोनिया वर येतो. लोक म्हणतात सायकल गेली. सायकल गेलेली नसते, ती नुसती मंदावलेली असते.

उपाय असा, की रिकाम्या काळात आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) अमोनिया द्यायचा. १०० लिटर पाण्याला साधारण ०.३ ग्रॅम अमोनियम क्लोराईड टाकलं की एवढा होतो. अमोनियम क्लोराईड म्हणजे नवसागर, पण कल्हईवाल्यांसाठी मिळतो तो घेऊ नका, त्यात काय काय आलेलं असतं सांगता येत नाही. लॅब केमिकलच्या दुकानातून शुद्ध ग्रेडचा घ्या, छोटी बाटली वर्षानुवर्षं पुरते. माशांचं खाणं चिमूटभर टाकत राहणं हा दुसरा मार्ग आहे, चालतो, पण त्यात फॉस्फेट (शेवाळाचं खाद्य) वाढतं आणि मोजमाप राहत नाही, म्हणून मला पटत नाही.

आणि हीच परीक्षाही. अमोनिया १ पीपीएम करा, वेळ लिहून ठेवा, २४ तासांनी अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य आले तर तुमची सायकल शाबूत आहे, बाकी कोणी काहीही म्हणो. अमोनिया शून्य पण नायट्राईट दिसतंय, तर नायट्राईट खाणारा दुसरा गट मागे पडलाय, थोडं थांबा, तो हळूच वाढतो. खाऱ्या पाण्यात क्लोराईड भरपूर असल्याने नायट्राईट गोड्या पाण्याइतकं घातक नसतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण मासे टाकायची घाईही नको. २४ तासांनी अमोनिया अर्धाच उतरला असेल तर पुढच्या मुद्द्यांत कारण शोधा.

६. तापमान आणि पाण्याचा झोत

थर्मामीटर पहाटे एकदा आणि दुपारी चारला एकदा बघा, एकाच वेळी बघून काही कळत नाही. २५-२६ डिग्री ठेवायचं. उन्हाळ्यात मुंबईच्या बंद खोलीत टँक सहज ३१ ला जातो आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, तोच ऑक्सिजन या बॅक्टेरियाला लागतो. पाण्यावर तिरका मारा करणारा छोटा पंखा दोन-तीन डिग्री उतरवतो, स्वस्त आहे, पण टॉप-अप वाढतं आणि जुलैच्या दमट हवेत त्याचा परिणाम बराच कमी होतो. पुण्या-नाशिककडे उलटं: जानेवारीत रात्री पाणी २० पर्यंत उतरतं आणि बॅक्टेरिया मंदावतात, तिथे हीटर हवा.

पृष्ठभाग हलतोय ना तेही बघा. पाण्यावर तेलकट साय दिसत असेल तर पॉवरहेडचं तोंड वर करा. मासे नाहीत म्हणून पंप बंद ठेवणारे आहेत. कृपा करून असं करू नका.

७. केएच आणि पीएच

केएच म्हणजे अल्कलिनिटी, पाण्याची आम्ल झेलायची ताकद, ती डीकेएचमध्ये मोजतात. हे फार कमी जण तपासतात. बॅक्टेरिया अमोनिया खातात तेव्हा आम्ल तयार होतं आणि ते अल्कलिनिटी खातं. १ पीपीएम अमोनियामागे साधारण ०.३ डीकेएच जातं. सायकलच्या काळात मिळून १० पीपीएम दिला असेल तर ३ डीकेएच गेलं! ८ ने सुरुवात केली होती ती ५ वर आली, आणि तिथून खाली बॅक्टेरिया आळसावतात, पीएच घसरतो, २४ तासांची परीक्षा नापास होते. बॅक्टेरियाच्या बाटलीने यावर काहीही होत नाही.

केएच ७ च्या खाली असेल तर खायचा सोडा वापरा, बेकिंग पावडर नव्हे. १०० लिटरला ३ ग्रॅम सोड्याने साधारण १ डीकेएच वाढतं. आरओच्या पाण्यात विरघळवून झोतापाशी हळूहळू ओता, दिवसाला १ डीकेएचपेक्षा जास्त नको.

केएच ठीक आहे तरी पीएच ७.८ च्या खाली? तर खोलीतला कार्बन डायऑक्साईड बघा. ग्लासभर टँकचं पाणी घ्या, गॅलरीत नेऊन त्यात एअर स्टोन तासभर चालवा, परत मोजा. पीएच चढला म्हणजे बंद एसी खोलीतल्या हवेचा प्रश्न आहे, खिडकी उघडी ठेवा किंवा स्किमरची (फेस करून घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी बाहेर काढा. पीएच वाढवायची बाटली आणायची गरज नाही.

जाता जाता: १ पीपीएम अमोनियाचं शेवटी साधारण ३.६ पीपीएम नायट्रेट होतं, त्यामुळे सायकल संपताना ३०-४० नायट्रेट असणं अगदी नेहमीचं. मासे आणायच्या आदल्या दिवशी अर्ध्याच्या आसपास पाणी बदला.

८. पाणी कुठलं वापरताय (टीडीएस मीटर, काहीशे रुपये)

तपकिरी थर जातच नसेल तर इथे बघा. किचनमधलं आरओ मशीन आणि अ‍ॅक्वेरियमचा आरओ-डीआय (आरओनंतर उरलेले क्षार रेझिनने काढणारा) हे वेगळे आहेत. पिण्याच्या मशीनमध्ये चव यावी म्हणून टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, त्यामुळे बाहेर येणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) ५०-१०० सुद्धा असतो. टँकसाठी शून्याच्या जवळ हवा. कंट्रोलर बंद करून, मिनरल कार्ट्रिज बायपास करून शेवटी डीआय रेझिनचा एक डबा जोडता येतो आणि खर्च फार नाही.

एसीचं पाणी वापरू नका, टीडीएस कमी दिसला तरी ते तांब्या-अ‍ॅल्युमिनियमच्या कॉइलवरून आलेलं असतं आणि तांबं शंख-कोळंबीला मारतं. बोअरचं आणि टँकरचं पाणी तर नकोच. समुद्रावरून कॅन भरून आणणाऱ्यांना एवढंच सांगेन, की मुंबईच्या किनाऱ्यालगत सांडपाणी मिसळतं आणि पावसाळ्यात खाड्यांच्या तोंडाशी खारेपणाही उतरतो.

९. दगड आणि कॅनिस्टर (मेहनतीचं काम)

वरचं सगळं नीट असून फॉस्फेट उतरत नसेल तर ते कोरडे दगडच पाण्यात सोडत असतील. ते वेगळ्या टबात खाऱ्या पाण्यात, पंप लावून, पाणी बदलत काही आठवडे ठेवावे लागतात. पोवळ्याचे दगड स्वस्तात देतो म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. सगळी कठीण पोवळी वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत, बाळगणं आणि विकणं गुन्हा आहे. सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे तयार दगड अगदी चांगलं काम करतात.

कॅनिस्टर (टँकबाहेरचा बंद डब्यासारखा फिल्टर) असेल आणि लाईट बरेच तास गेली असेल तर आतलं पाणी ऑक्सिजनअभावी सडतं. लाईट आल्यावर ते सगळं थेट टँकमध्ये फेकलं जातं, आणि अचानक चढलेल्या अमोनियाचं हे नेहमीचं कारण आहे. सुरू करायच्या आधी कॅनिस्टर उघडा, पाणी फेकून द्या, मीडिया (आतले स्पंज, रिंग वगैरे) टँकच्या पाण्यात विसळा, मग लावा. लोडशेडिंग असलेल्या गावात बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊनच ठेवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर त्यावर एसी करंटवर चालणारे पंप गुणगुणतात आणि तापतात, प्युअर साईन वेव्हचा बरा.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या, झिणझिण्या आल्या, तर हात बाहेर, मेन स्विच बंद, आणि इलेक्ट्रिशियन. कुठलं यंत्र गळतंय ते एक-एक प्लग काढून, पाण्यात बोट घालून शोधू नका, खारं पाणी वीज फार चांगली वाहून नेतं. तो आला की टँकच्या लाईनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाईन तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंग तपासून घ्या. हीटरची काच तडकलेली दिसली तरी हेच.

काचेच्या सांध्यातून पाणी पाझरतंय, सिलिकॉन सुटतंय, किंवा स्टँड एका बाजूला खचलंय: बाहेरून सिलिकॉन फासून भागत नाही. टँक निम्मा रिकामा करा आणि टँक बनवणाऱ्याला बोलवा. मासे नाहीत तोवर हे काम सोपं आहे. चिलरचा कॉम्प्रेसर आणि गॅसही त्याच्या मेकॅनिकवर सोडा.

आणि सगळे मुद्दे तपासूनही २४ तासांची परीक्षा लागोपाठ दोनदा नापास झाली, तर पाण्याचा नमुना वेगळ्या कंपनीच्या किटवर, जमल्यास अनुभवी मरीन दुकानात, तपासून घ्या आणि सगळे आकडे तारखेसकट लिहून न्या. नुसतं "पाणी खराब झालंय" सांगितलं तर समोरचा तुम्हाला एक बाटली विकेल, बाकी काही होणार नाही.

परीक्षा पास झाली तर अमोनिया देणं थांबवा, पाणी बदला, आणि एक-दोन दिवसांतच पहिले मासे आणा. एक किंवा फार तर क्लाउनफिशची छोटी जोडी, टँकमध्ये पैदास झालेली मिळाली तर उत्तम. पुढचा मासा निदान दोन-तीन आठवड्यांनी, मधल्या काळात दर दोन दिवसांनी अमोनिया बघत राहा.